शेलापागोटे आणि दहावीचा निरोप

नाशिक विभागीय मंडळाची दहावीची परीक्षा तोंडावर आली, की दोंडाईच्यातही निरोप समारंभांची लगबग सुरू होते. भाषणं लवकर विसरली जातात. लक्षात राहतात ते फिशपाँड, म्हणजे आपले शेलापागोटे. पोरं निनावी चिठ्ठ्या पेटीत टाकतात, सूत्रसंचालक वाचतो. भुसावळ-सुरत गाडीने उशिरा येणाऱ्यावर एक, डब्यातल्या कळण्याच्या भाकरीवर दुसरी. अहिराणीत असली, तर हशा दुप्पट! चिठ्ठ्या शिक्षकांनी आधी चाळाव्यात, हे बरं. रंग, जात, घरची परिस्थिती यांवर थट्टा नकोच. तसा दहावीचा हा निरोप फार जुना नाही; राज्यात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली. त्याआधी मॅट्रिकचा वर्ग अकरावीचा. म्हणजे एकमेकांच्या खोड्या जमवायला एक वर्ष जास्तीचं मिळे.