असंतोषाच्या मुळाशी



 1897 च्या काँग्रेसच्या अमरावती अधिवेशनात दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. त्याच जिल्ह्यात, तिवसा तालुक्यातल्या या परिषदेत, हा मान माझ्या वाट्याला आला, याचा मला आनंद आहे.

परिषदेचा विषय ऐकून, झारशाहीतल्या रशियाचा आणि तिवशाचा संबंध काय, असे अनेकांनी विचारले. संबंध शेतीचा आहे. 1861 मध्ये रशियातले भूदास मुक्त झाले. पण जमिनीच्या किमतीचे 49 वर्षांचे हप्ते त्यांच्या मानगुटीवर बसले. इकडे इंग्रजी अमलात वऱ्हाडी कुणब्याला जमिनीचा हक्क मिळाला आणि तीच जमीन सावकाराकडे गहाण पडू लागली. सारा रोख भरायचा, म्हणून पऱ्हाटीचे बोंड फुटण्याआधीच कापसाचा सौदा व्हायचा. ज्वारीची वावरे कापसाखाली गेली. 1899-1900 च्या दुष्काळात बाजारात धान्य होते, ते घ्यायला गरिबाजवळ पैसा नव्हता. 1891 मध्ये व्होल्गाकाठची पिके करपली, तेव्हाही निर्यातबंदी येईपर्यंत रशियाचा गहू-राय परदेशी जात होता.

तरी नुसत्या उपासमारीने उठाव होत नाही, असे माझे ठाम मत आहे. गाऱ्हाणे ऐकणारे दार बंद झाले, की माणूस उठतो. जानेवारी 1905 मध्ये सेंट पीटर्सबर्गचे कामगार झारकडे अर्ज घेऊन निघाले. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि झारवरची श्रद्धा उडाली. ऑगस्ट 1942 मध्ये आपले नेते तुरुंगात डांबले गेले, तेव्हा चिमूर, वर्धा नदीपलीकडचे आष्टी आणि आपले बेनोडा पेटून उठले. खंजिरीवरच्या भजनांनी गावे जागवणाऱ्या, आपल्या गुरुकुंज मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनाही सरकारने अटक केली.

अभ्यासकांना माझी एकच विनंती आहे. मोठ्या नेत्यांची चरित्रे पुष्कळ झाली. आता सावकारांच्या वह्या, गहाणखते आणि गावच्या जुन्या माणसांच्या आठवणी गोळा करा. ही कागदपत्रे आजही घराघरांतल्या पेट्यांत आहेत, आणि वाळवी ती खाते आहे. कापसाच्या भावाचे गाऱ्हाणे आजही संपलेले नाही. ते वेळेवर ऐकले जावे, म्हणूनही हा इतिहास हवा.

दुपारी रोडगे आणि वांग्याची भाजी आहे. उणे-अधिक पोटात घालावे आणि चर्चा मात्र मोकळेपणाने करावी.

जय गुरुदेव!