अधिकार कोणाच्या उपयोगी पडावा?
(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



ज्यांनी आजवर या धर्मग्रामाची धुरा वाहिली त्यांची नावे आज आदराने घेतली गेली, हे यथायोग्यच झाले. तथापि पुढारीपण म्हणजे नेमके काय, याचाही विचार या निमित्ताने व्हावा असे आम्हांस वाटते. आपल्या मंडळांतून, शाळांतून व गृहसंस्थांतून अधिकाराच्या जागा पुष्कळ आहेत. त्या जागी बसून काय करावयाचे, याविषयी मात्र आपली समजूत बहुधा कच्ची असते.

प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते त्या काळी दासाचे काम होते. पण पुढची गोष्ट आपल्या ध्यानातून निसटते. पाय धुऊन झाल्यावर प्रभूने आपले गुरुपण नाकारले नाही. शिष्य आपणांस गुरू म्हणतात ते योग्यच आहे, असेच त्याने सांगितले. तेव्हा सेवा करणे म्हणजे अधिकार टाकून देणे नव्हे. तो अधिकार कोणाच्या उपयोगी पडतो, एवढाच प्रश्न आहे.

याचे उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. आपली घरे ज्या भूमीवर उभी आहेत ती पूर्वी भातशेतीची, मिठागरांची व खाडीकाठची भूमी होती. नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन शहराच्या कामी घेण्याचे ठरले. आगरी, कोळी, कराडी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका त्या जमिनीवर होती. शहर उभे राहील, पण आमचे काय, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

हा प्रश्न ज्यांनी आपला मानला ते उरण तालुक्यातील जासई गावचे दिनकर बाळू पाटील, म्हणजे सर्वांचे दि. बा. ते वकील होते. पनवेलमधून पाच वेळा आमदार व दोन वेळा खासदार म्हणून ते निवडून आले. विधानसभेत विरोधी पक्षनेतेही झाले. एवढी पदे लाभलेल्या मनुष्यास सभागृहात भाषणे करून समाधान मानता आले असते. त्यांनी शेतकऱ्यांच्या लढ्याचे नेतृत्व केले. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरातील आंदोलनात गोळीबार झाला व पाच जणांनी प्राण गमावले. पुढे संपादित जमिनीच्या प्रमाणात साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास देण्याची योजना शासनाने स्वीकारली.

बंधुभगिनींनो, या योजनेचे मर्म नीट समजून घ्यावे. रोख मोबदला एकदा हातात पडतो व खर्च होऊन जातो. विकसित भूखंड मिळाला तर ज्या शहरासाठी शेत गेले त्या शहराच्या वाढत्या किमतीत शेतकऱ्याचाही वाटा राहतो. शिवाय तो कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, हक्काने राहतो. ज्याच्या नावावर हक्काचा भूखंड झाला, त्यास पुढाऱ्याच्या दारी पुन्हा हात जोडून उभे राहावे लागत नाही. सत्तेचा भुकेला पुढारी लोकांना आपल्यावाचून अडून राहावयास लावतो. सेवक पुढारी त्यांची अडवणूकच संपवितो. योजनेची अंमलबजावणी संथ झाली, अनेक वारसांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले, हेही खरे. म्हणूनच पुढाऱ्याचे काम ठराव मंजूर होताच संपत नाही.

दि. बा. २४ जून २०१३ रोजी निवर्तले. नव्या विमानतळास त्यांचे नाव द्यावे, असा ठराव राज्याच्या विधिमंडळाने २०२२ साली केला. हा मान मोठा खरा. परंतु मानाचे काय करावयाचे हे पोप सहावे पौल यांनी मुंबईतच दाखविले. १९६४ च्या डिसेंबरात ते येथील आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेस आले. त्यांच्या दिमतीस दिलेली भारी मोटार जाताना त्यांनी मदर तेरेसा यांच्या स्वाधीन केली, आणि मदरनी तिची सोडत काढून तो पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीस लावला. मानाची वस्तू अशा रीतीने निराश्रितांचे छप्पर झाली.

आता आपल्याकडे वळू. आपल्या मंडळाचा हिशेब सर्वांस समजेल अशा भाषेत वाचला जातो काय? आपल्यातील घरकाम करणारी भगिनी सभेत बोलावयास उठली, तर तिचे म्हणणे पुरते ऐकून घेतले जाते काय? आपली मुदत संपण्यापूर्वी आपण दुसऱ्या कोणास काम शिकविले आहे काय? आणि शेजारच्या मूळ गावातील ज्या कुटुंबाचे शेत या शहराखाली गेले, त्यांचे गाऱ्हाणे आपणांस ठाऊक तरी आहे काय?

पुढल्या महिन्यात नवे पदाधिकारी निवडावयाचे आहेत. मत देताना वक्तृत्व पाहू नये, देणगीचा आकडाही पाहू नये. ज्याच्या हाताखाली काम केल्यावर लहान मनुष्य निर्भय झाला, त्यास निवडावे, एवढीच आमची विनंती.