एक मूठ न्यावी, दोन मुठी आणाव्यात



अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे गाव आता सगळ्यांना ठाऊक झालंय ते राहीबाई पोपेरे यांच्यामुळे. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंनी बायफ संस्थेच्या साथीनं गावठी वाणांची बियाणं बँक उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या बँकेचा व्यवहार अगदी सरळ आहे. वालाचं, भाताचं हवं ते बियाणं न्या, पेरा, आणि पीक हाती आलं की नेलं त्याच्या दुप्पट आणून द्या. इथलं व्याजसुद्धा बियाण्यातच!

आज मात्र मला सांगायचंय ते कॉलेजातल्या मुलांच्या एका स्पर्धेबद्दल. तिचं नाव आयजेम. विषय सिंथेटिक बायॉलॉजी, म्हणजे जनुकांचे तुकडे जोडून जिवाणूकडून नवं काम करून घेणं. एक तुकडा बटणासारखा, दुसरा हिरवं चमकणारं प्रथिन बनवणारा. दोन्ही जोडून जिवाणूत घातले, की बटण दाबल्यावर जिवाणू चमकतो. राहीबाई जपतात ते पिढीजात वाण, आणि ही मुलं जनुकांची नवी जुळणी करतात. वाटा निराळ्या, पण देण्याघेण्याची रीत एकच.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये २००३ च्या जानेवारीत एक छोटा अभ्यासक्रम झाला, त्यातून ही स्पर्धा निघाली. २००४ मध्ये पाच विद्यापीठांचे संघ होते. आता तीनशेहून अधिक संघ असतात आणि २०२२ पासून त्यांचा मोठा मेळावा पॅरिसला भरतो. भारतातून २००६ मध्ये बंगळुरूच्या एनसीबीएसचा संघ गेला. पुढे पुण्याची आयसर आणि मुंबईची आयसीटी या आपल्या संस्थांचीही मुलं उतरली.

या संघांना अनेक वर्षं एक पेटी पाठवली जाई. तिच्यात तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या थाळ्या, एकेका थाळीत ३८४ बारीक खळगे. खळग्याच्या तळाशी वाळलेला लालसर ठिपका. तो ठिपका म्हणजे डीएनए, आणि तो डोळ्यांना दिसावा म्हणून त्यात लाल रंग मिसळलेला. त्यावर दहा मायक्रोलिटर पाणी सोडायचं, म्हणजे थेंबाचा साधारण पाचवा हिस्सा. ठिपका विरघळला की तुकडा कामाला तयार. राख चोळून मडक्यात ठेवलेलं बी पाण्याची वाट बघतं ना, तसंच हे!

हे तुकडे स्पर्धेच्या भांडारातून येत, आणि त्या भांडाराचा नियम होता ‘घ्या आणि द्या’. आधीच्या संघांचे तुकडे वापरायचे, आपण नवे बनवायचे आणि पुढच्यांसाठी भांडारात जमा करायचे.

पण श्रोतेहो, नुसतं दिलं म्हणजे मदत झाली असं नाही. भांडारातले कित्येक तुकडे नीट चालत नसत, कित्येकांच्या नोंदी अपुऱ्या असत. पुडीवर ना वाणाचं नाव, ना हंगाम, ना पाण्याचा अंदाज, असं बियाणं शेजाऱ्याला दिलं तर त्याचं एक वर्ष वाया जातं. इथंही तेच होई.

दुसरी अडचण मापाची. एक संघ म्हणतो, आमचा जिवाणू झकास चमकतो. पण झकास म्हणजे किती? प्रत्येकाचं यंत्र वेगळं, आकडा वेगळा. गावोगावची पायली निराळी असली तर धान्याचा हिशेब जुळेल कसा? शिवाय चमक मोजायची तर आधी जिवाणू किती हे कळायला हवं. मग २०१८ साली या स्पर्धेतल्या जगभरातल्या २४४ प्रयोगशाळांनी मिळून एक काम केलं. द्रावणाच्या गढूळपणावरून त्यात जिवाणू किती आहेत हे ओळखायच्या तीन पद्धती सगळ्यांनी करून बघितल्या. सरस ठरली ती वाळूच्याच जातीच्या, म्हणजे सिलिकाच्या, अतिसूक्ष्म मण्यांची. मण्यांची संख्या आधीच माहीत. द्रावण दरवेळी निम्मं पातळ करत जायचं, यंत्राचा आकडा टिपायचा, आणि त्या उतरंडीवरून आपल्या यंत्राचं माप बसवायचं. २०२० मध्ये हा अभ्यास शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. एकट्या संघाला हे जन्मात जमलं नसतं.

तुम्ही म्हणाल, स्पर्धा आहे तर दुसऱ्याला मदत कशाला करायची? पण इथं सुवर्णपदक एकच नसतं. ठरलेल्या कसोट्या पार करील त्या प्रत्येक संघाला ते मिळतं. दुसऱ्या संघाला काय मदत केली, हीसुद्धा काही वर्षं त्यातली एक कसोटी होती. शेजाऱ्याचं पीक चांगलं आलं म्हणून आपलं कमी होत नाही, हे एकदा कळलं की हात आपोआप सैल होतो.

आपल्याकडे याला सावड म्हणतात. तुझा एक बैल, माझा एक बैल, जोडी झाली की आधी तुझं रान, मग माझं. या संघांचंही तसंच. एकाकडे चांगलं यंत्र, दुसऱ्याकडे गणितात पक्की मुलगी.

आपल्या जिल्ह्यात राहुरीला कृषी विद्यापीठ आहे; नगर, संगमनेर, लोणी, कोपरगावला कॉलेजं आहेत. या स्पर्धेची नोंदणी फीच हजारो डॉलर, ती एकट्या कॉलेजला पेलणार नाही. शिवाय जनुकांचं काम म्हटलं की जैवसुरक्षेचे नियम आले, परवानग्या आल्या. पण सावडीची सुरुवात त्याच्या आधीही करता येते. चार कॉलेजांनी एकाच विहिरीचं पाणी वाटून घ्यावं, एकाच पद्धतीनं तपासावं आणि आकडे एकमेकांपुढे ठेवावेत. जुळले नाहीत तर का जुळले नाहीत, ते चौघांनी मिळून शोधावं. त्याला ना डॉलर लागतात, ना पॅरिसचं तिकीट.

आणि जे सापडेल ते नीट लिहून पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती द्यावं. वाणाचं नाव, हंगाम, पाण्याचा अंदाज, सगळ्यासकट. कोंभाळण्याच्या हिशेबानं, नेलं त्याच्या दुप्पट.