यादी त्यांची, पाय आपले



२५ मार्च २०२० पासून २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. आमची कापडाची दुकाने बंद झाली. किराणा, दूध, भाजीपाला व औषधे यांना मुभा राहिली. मात्र ६५ वर्षांपुढील व्यक्तींना घरातच राहण्यास सांगण्यात आले. निर्मळमध्ये दोघेच राहणाऱ्या वृद्ध दांपत्यांपुढे पेच उभा राहिला. गाठीशी पैसे होते, दुकानही उघडे होते. पण जावे कोणी?

अशा घरी तयार शिधा पोहोचवणे पुण्याचेच. परंतु त्यात कांदे-बटाटे असले, तर कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी त्यांचे काय करावे? कापड जसे गिऱ्हाइकाच्या मापाने फाडावे, तसाच शिधाही त्यांच्या गरजेने द्यावा. दूरध्वनीवर यादी घ्यावी, माल दारात ठेवावा, बिल द्यावे आणि पैसे अवश्य घ्यावेत. त्याने त्यांचा संकोच जातो. ते याचक न ठरता गिऱ्हाईकच राहतात.

महामारी ओसरली, तरी दुखरे गुडघे आणि इमारतींचे जिने आहेतच. ट्रस्टच्या तरुणांनी आठवड्यातून एकदा अशी यादी घेण्याचा नेम या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून धरावा, एवढी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.

जय जिनेंद्र.