डीपीवर चढण्याआधी

भंडारा जिल्ह्यात उन्हाळी धान पाण्यावर उभं असतं आणि पाणी मोटारीवर. डीपीचा, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडाला की बांधावरून पहिली हाक वायरमनला जाते. तो एबी स्विच उघडून ११ हजार व्होल्टचा पुरवठा तोडतो. तरी तारेला लगेच हात लावत नाही. आधी तारेत वीज आहे का ते तपासतो, मग तार जमिनीला जोडणारा अर्थिंग रॉड लावतो. कारण गावात कुणाचा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल, तर वीज उलटी फिरते. तोच ट्रान्सफॉर्मर मग २३० व्होल्टचे हजारो व्होल्ट करून वर पाठवतो. बंद लाईन जिवंत होते! म्हणून रोवणीची कितीही घाई असो, फ्यूज स्वतः घालू नका. चिखलात ओल्या पायांनी उभ्या माणसाला झटका फार जोराचा बसतो. तक्रारीसाठी महावितरणचा नंबर आहे १९१२.