केबलचं टोक आपल्या हातानं

गटाच्या खोलीतलं इंटरनेट बंद पडलं आणि हप्त्यांच्या नोंदी दोन दिवस अडल्या. दुरुस्तीवाला येईना. मग आम्हीच क्रिम्पिंगची पक्कड आणली.

केबलचं आवरण इंचभर सोललं की आत आठ तारा, दोन-दोनच्या पिळात. पीळ सोडवून तारा सरळ करायच्या, क्रमानं लावायच्या आणि अर्धा इंच ठेवून एका रेषेत कापायच्या. प्लगची खिटी खाली, तारा आपल्याकडून आत. डावीकडून पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.

इथंच आम्ही फसलो. जोडीला जोडी म्हणून हिरवीशेजारी हिरवी लावली, दोन्ही टोकांना. टेस्टरचे आठही दिवे लागले, नेट मात्र सारखं तुटे! तार पोचली का, एवढंच तो टेस्टर सांगतो. तिसरी आणि सहावी तार एकाच पिळातली लागते, हे नंतर कळलं.

आवरणही प्लगच्या आत जाऊन दाबलं गेलं पाहिजे. नाहीतर झाडताना ओढ बसली की तारा निसटतात. दाबलेला प्लग परत वापरता येत नाही. आमचे तीन वाया गेले. चौथा नीट बसला आणि त्याच संध्याकाळी नोंदी भरल्या.