रिंगचा हुक

(माहीम येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



येताना मी पिशवीतून ही एक वस्तू आणली आहे. आठ मिलिमीटरच्या सळईची चौकोनी रिंग. कॉलममधल्या उभ्या सळयांना बाहेरून कवटाळून धरते ती ही. तिची दोन्ही टोकं नीट पाहा. ती काटकोनात थांबलेली नाहीत, आणखी वळून चौकोनाच्या आत शिरली आहेत. हा १३५ अंशांचा हुक. आज मला बोलायचं आहे ते या हुकाबद्दल.

‘मुंबईत कुठे भूकंप होतो?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. ‘भारतीय मानक १८९३’ या भूकंपविषयक संहितेच्या २००२ च्या नकाशात देशाची चार भूकंपक्षेत्रं आहेत आणि मुंबई तिसऱ्या क्षेत्रात आहे. अहमदाबादही त्याच क्षेत्रात. २६ जानेवारी २००१ ला, शाळाशाळांतून झेंडावंदन चालू असताना, कच्छमध्ये जमीन हादरली. तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत नव्या, दिसायला भक्कम इमारती बसल्या. त्यातल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा होता. वर भिंतींनी भरलेले मजले आणि खाली नुसते कॉलम. हादरा सगळा त्या कॉलमांवर आला. आपल्या गल्लीतल्या स्टिल्टच्या इमारती आठवून पाहा.

त्यात आपली जमीन. माहीम हे मूळचं बेट. आजूबाजूची खाडी आणि खाजण भरत भरत आजची वस्ती उभी राहिली. भरावाची आणि चिखलाची मऊ जमीन कातळापेक्षा जास्त डोलते. संहितेनेही म्हणूनच जमिनीचे तीन प्रकार केले आहेत आणि मऊ जमिनीवरच्या उंच इमारतीसाठी भूकंपाचं बळ जास्त धरायला सांगितलं आहे.

१८९३ क्रमांकाची ही संहिता पहिल्यांदा निघाली १९६२ मध्ये. पाच वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयना हादरलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं जड माळवद झोपेतल्या माणसांवर आलं, हजारो जीव गेले. त्याच १९९३ साली काँक्रीटच्या इमारतींसाठी १३९२० क्रमांकाची संहिता आली. या हुकाचा नियम तिच्यातलाच.

संहितेची अपेक्षा समजून घ्या. मोठ्या भूकंपात इमारतीला तडाही जाऊ नये, असं ती म्हणत नाही. इमारत वाकेल, तडकेल, कदाचित पुन्हा राहण्याजोगी उरणार नाही; पण माणसं जिवंत बाहेर पडली पाहिजेत. वाळकी काटकी कडकन मोडते, वेत वाकतो. काँक्रीटच्या अंगी वेताचा गुण आणते ती ही रिंग. हादऱ्यात कॉलमचं बाहेरचं काँक्रीट सुटून पडतं, आतल्या उभ्या सळया फुगून बाहेर येऊ पाहतात. हुक काटकोनी असेल तर तो त्या क्षणी उघडतो, आणि कॉलम चिरडला जातो. हुक गाभ्यात रुतलेला असेल तर रिंग सुटत नाही. आणि बीम जिथे कॉलमला मिळतो तिथे रिंगांमध्ये १०० मिलिमीटरहून जास्त अंतर चालत नाही. म्हणजे चार बोटांहून थोडं जास्त.

पण १९९३ च्या मूळ संहितेत तिसऱ्या क्षेत्रातल्या पाच मजल्यांपर्यंतच्या साध्या निवासी इमारतींना यातून सूट होती. ती सूट निघाली २००२ मध्ये, कच्छनंतर. त्याआधीच्या इमारतींत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नियम झाला, पुढे काय? काही वर्षांपूर्वी एका साइटवर कॉलम भरण्याच्या आदल्या संध्याकाळी मी पोहोचलो. ड्रॉइंगमध्ये हुक १३५ अंशांचा, बांधलेल्या प्रत्येक रिंगेत काटकोन. फिटर म्हणाला, ‘साहेब, उद्या काँक्रीट पडलं की कोण बघणार?’ मी त्याला दोष दिला नाही. त्याची मजुरी टनावर होती, आणि तो हुक कशासाठी हे त्याला कुणीच सांगितलेलं नव्हतं. काम थांबवलं, रिंगा पुन्हा वाकवल्या. एक दिवस गेला. पण मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो असतो, तर ती चूक कायमची गाडली गेली असती.

आपल्या व्यवस्थेतली उणीव इथे आहे. आराखडा मंजूर होतो, परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर सही करतो. पण त्याला नेमतो आणि पैसे देतो तो विकासकच. रेरा कायद्याने बांधणीतल्या दोषाची जबाबदारी ताब्यानंतर ५ वर्षं विकासकावर ठेवली, हे चांगलंच झालं. पण भूकंप काही ५ वर्षांच्या आत येतो असं नाही.

जुन्या इमारतींचं दुखणं वेगळं. १० जून २०१३ च्या रात्री याच माहीममध्ये एक इमारत कोसळली आणि दहा माणसं गेली. तेव्हा भूकंप नव्हता. महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. ते विचारतं, इमारत राहण्यास योग्य आहे का? म्हणजे आज आहे तो भार ती पेलेल का? ती हादरा सोसेल का, हा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी १५९८८ क्रमांकाची संहिता २०१३ पासून आहे, ती ऑडिटचा भाग व्हायला हवी. ही माझी सरकारकडे मागणी आहे.

आणि तुमच्याकडे एक विनंती. विकास नियमावलीच्या ३३(७) खाली उपकरप्राप्त चाळींचा पुनर्विकास चालू आहे, आणि सोसायट्यांचाही. सभेत आपण विचारतो: चटईक्षेत्र किती वाढणार, भाडं किती, कॉर्पस किती, पार्किंग मिळणार का? विचारायलाच हवं. त्याच्यापुढे तीन प्रश्न जोडा. मातीची तपासणी झाली का? खालच्या मोकळ्या मजल्यासाठी काय केलं आहे? आणि प्रत्येक मजल्याचे कॉलम भरण्याआधी, सोसायटीने स्वतः पैसे देऊन नेमलेला इंजिनिअर रिंगा तपासून फोटो काढणार का? हे करारात लिहून घ्या. घर एकदाच नवं होतं.

ही रिंग मी टेबलावर ठेवून जातो. जाताना हातात घ्या, हुकावरून बोट फिरवा. उद्या साइटवर उभे राहाल, तेव्हा तुमच्या बोटाला फरक कळेल.